सांध्यात सोडलेली जागा

आमचे बाबा, थिओफिल अमोलिक, रेल्वेत सांधेवाले होते.
अजनीच्या यार्डात रात्रपाळी,
रविवारी सदरच्या देवळात मागचा बाक.
हातांना ग्रीसचा वास, तोच गीतांच्या वहीला.

एकदा डायमंड क्रॉसिंग दाखवायला नेलं मला.
चार दिशांचे रूळ एकमेकांना कापत गेलेले.
मी म्हणाले, इथून गाडी कुठंही जाऊ शकते!
ते हसले. "काही नाही वं. इथं तर तिले
मान वळवाची मुभा नाही.
आली तशी जाते, सरळ.
वळाचं तर सांधा लागते,
अन् सांध्यापाशी एक माणूस."

रविवारच्या शाळेत मिस लोंढे शिकवायच्या:
बाग, झाड, बाई, साप.
सिलासनं विचारलं, देवाले ठाऊक होतं
तर झाड लावलं काऊन?
त्याला बाकावर उभं केलं.

घरी बाबांचं उत्तर, तेही रुळाचंच.
"मे महिन्यात लोखंड वाढते बाप्पा, उन्हानं.
म्हणून दोन रुळांच्या मधात जागा सोडा लागते,
रुपयाच्या जाडीएवढी.
नाही सोडली तर अख्खी लाईन वाकते."
अन् त्या जागेतून साप आला तर?
बाबांनी वरणात भात कालवला.
"येते ना," म्हणाले. "येतेच."

डिसेंबरात, पहाटे तीनला,
त्यांनी चुकीचा खटका ओढला.
दारू नव्हती, झोप नव्हती, धुकंही फारसं नव्हतं.
संत्र्यांची वाघीण घसरली, आडवी झाली.
कुणी मेलं नाही.
खडीवर, स्लिपरांवर, सिग्नलच्या तारांत संत्रीच संत्री,
आणि सगळी वस्ती पोती घेऊन धावली.
मीही. पाण्याच्या टाकीमागं बसून सोललं.
गोड होतं.
साठ वर्षांनी खोटं कशाला बोलू,
तसं पुन्हा कुठलंच लागलं नाही.

कंदील घेऊन बाबा आले. "कुठं हायेस वं?"
उजेड माझ्या पावलांवर पडला होता.
मी त्यांना दिसत होते.
तरी ते थांबले, आणि पुन्हा विचारलं,
कुठं हायेस.
मी बाहेर आले. म्हणाले, "सिलासनं दिलं."

सिलास काही बोलला नाही. मार खाल्ला.

चौकशीचा साहेब भला निघाला.
अमोलिक, खटका गंजला होता, असं लिहू ना?
कागद तयार. नुसती मान हलवायची.
बाबा म्हणाले, "खटका चांगला आहे साहेब.
हात माझा होता."

हुद्दा गेला, क्वार्टर गेलं,
मागच्या दारचा पेरू गेला.
फाटकाला नवं कुलूप, कुलपापाशी खाकीतला माणूस.
आईनं रेल्वेचा काळा कोट कापून
आम्हा दोघांना बंड्या शिवल्या,
आणि आम्ही मेकोसाबागेत एका खोलीत आलो.
बाबा मला त्या रात्रीबद्दल कधीच काही बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं झालं असतं.

मिस लोंढे ज्याला पतन म्हणायच्या
ते मला फळाशी कधी जोडता आलं नाही.
सिलासच्या नावाशी येतं.
चार वर्षं झाली त्याला जाऊन.
शेवटी दवाखान्यात त्याला संत्रं सोलून दिलं,
एकेक फोड, बिया काढून.
सांगायचं ठरवून गेले होते.
तो म्हणाला, आंबट आहे.
आणि मग नर्स आली.

आता रूळ जोडून टाकतात म्हणे, वितळवून,
मैलोन् मैल, जागा न ठेवता.
अजनीच्या पुलावर मी रिक्षा थांबवते,
खालून गाडी जाते, तो जुना खडखडाट नाही.
ऊन मात्र तेच, शेहेचाळीसचं.
लोखंड वाढतच असेल, कुठं जात असेल ते?

पुलाच्या टोकाशी रिक्षावाला विचारतो,
"सरळ घेऊ का वळू, आजी?"
मागून हॉर्न वाजतात.
मला वेळ लागतो.